‘गोळी राहून जाते’ याला कोड काय द्यायचा?

रक्तदाबाच्या औषधांवरच्या मुलाखतीत कुणी म्हणतं: “रोज घ्यायची असते हे कळतं. पण बरं वाटायला लागलं की गोळी राहून जाते. घरी बोलत नाही मी, उगाच काळजी करतात.” गुणात्मक संशोधनाचा, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यातून अर्थ शोधणाऱ्या संशोधनाचा, कच्चा माल असा असतो. तासाभराच्या मुलाखतीचं लेखी रूप सहज वीसेक पानं भरतं, आणि मुलाखती वीस-तीस असतात. त्यातून वाट काढायची म्हणजे मजकुराच्या प्रत्येक अर्थपूर्ण तुकड्याला छोटं नाव द्यायचं. हे नाव म्हणजे कोड. (संगणकाच्या प्रोग्रॅमशी या कोडिंगचा संबंध नाही.) वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचे एकाच अर्थाचे तुकडे मग शेजारी ठेवून वाचता येतात.

वरच्या उताऱ्याला नवखा संशोधक पटकन ‘गोळी टाळणे’ असा कोड देईल. पण बोलणारा ‘मी टाळतो’ म्हणालेला नाही. ‘राहून जाते’ या वाक्यात कर्ता गोळी आहे, माणूस नाही. ‘टाळणे’ लिहिलं की त्याच्या पदरात आपण एक हेतू टाकला, आणि पुढच्या सगळ्या विश्लेषणात तो तसाच राहतो. कदाचित जबाबदारी अंगावर न घेण्याची ही त्याची पद्धतही असेल. पण तो आपला अंदाज झाला, त्याची जागा बाजूच्या टिपणात. कोड ‘बरं वाटल्यावर गोळी राहून जाणे’ एवढाच ठेवावा. मुलाखतीचं आधी इंग्रजी भाषांतर करून मग कोडिंग केलं, तर असे बारकावे भाषांतरातच गळून पडतात. शक्य असेल तिथे मूळ भाषेतच कोडिंग करावं, भाषांतर अहवालात द्यायच्या उताऱ्यांपुरतं ठेवावं.

दुसरी चूक विषयाचं नाव कोड म्हणून वापरण्याची. ‘कुटुंब’ या कोडखाली तीनशे तुकडे जमले, तरी त्यातून कुटुंब काय करतं हे कळत नाही. ‘घरच्यांपासून लपवणे’ आणि ‘घरच्यांनी आठवण करून देणे’ हे दोन कोड एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे आहेत. क्रियापदाचं ‘-णे’ रूप इथे फार कामाचं: त्यात काय घडतंय ते सांगावंच लागतं.

कोडिंगची गुणवत्ता बरीचशी मुलाखत ऐकून उतरवतानाच ठरते. स्पष्ट आवाजातली एक तासाची मुलाखत उतरवायला साधारण चार ते सहा तास जातात. लांबलेली शांतता, हसणं, अर्धवट सोडलेलं वाक्य हे सगळं खुणेनं नोंदवायचं, कारण ‘औषध वेळेवर घेतो’ हे हसत सांगितलं असेल तर अर्थ फिरतो. खरी नावं याच टप्प्यावर बदलायची आणि ओळींना क्रमांक द्यायचे.

पहिल्या दोन-तीन मुलाखती कोड न देता नुसत्या वाचाव्यात. मग एकमेकींपासून शक्य तितक्या वेगळ्या अशा तीन-चार मुलाखती घेऊन ओळीओळीनं कोड द्यावेत. साठ-सत्तर कोड झाले तरी घाबरायचं कारण नाही. पुढे बरेच एकमेकांत विलीन होतात. तुकडा किती मोठा घ्यायचा? तो वेगळा काढून वाचला तरी कोण कशाबद्दल बोलतंय ते समजलं पाहिजे. ‘हो, तसंच’ एवढाच तुकडा महिन्याभरानं निरुपयोगी ठरतो. त्याच्यासोबत प्रश्नही हवा.

खरं काम कोडबुकचं. प्रत्येक कोडचं नाव, दोन ओळींत व्याख्या, तो कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि एक नमुना उतारा. यातलं ‘कधी लावायचा नाही’ हे कलम बहुतेक जण गाळतात आणि नेमकं तिथेच घोटाळे होतात. ‘घरच्यांपासून लपवणे’ हा कोड कुणी विचारलंच नाही म्हणून न सांगितलेल्या गोष्टीला लावायचा का? याचं उत्तर लिहून ठेवलं नसेल, तर एकच माणूस सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरंच ठरवतो.

दोन जण स्वतंत्रपणे कोडिंग करत असतील, तर जुळणीची नुसती टक्केवारी फसवते. समजा १०० तुकड्यांपैकी ४ तुकड्यांना दोघांनीही ‘लपवणे’ कोड लावला, ८८ ना दोघांनीही लावला नाही, आणि प्रत्येकानं आणखी ४ तुकड्यांना एकट्यानंच लावला. जुळणी ९२ टक्के! पण कोड क्वचितच लागत असल्यानं नुसत्या योगायोगानंही सुमारे ८५ टक्के जुळणी झाली असती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅप्पा’ नावाचा जुळणीचा आकडा हा योगायोग वजा करतो, आणि इथे तो जेमतेम ०.४६ येतो (पूर्ण जुळणी म्हणजे १). अशा वेळी आकडा सुधारण्याच्या मागे न लागता मतभेदाचे आठ तुकडे समोर ठेवून भांडावं. व्याख्येतली फट तिथेच सापडते. सगळे मात्र कॅप्पाच्या बाजूचे नाहीत. आशयसूत्रांच्या (अनेक कोडमधून निघणाऱ्या मोठ्या अर्थांच्या) विश्लेषणाची २००६ पासून गाजलेली पद्धत मांडणाऱ्या व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या मते संशोधकाची दृष्टी हे विश्लेषणाचं साधनच आहे, त्यामुळे दोघांचं एकमत हा अचूकतेचा पुरावा होत नाही. आमच्या मते, मोठ्या गटात काम वाटलेलं असेल तर कॅप्पा उपयोगी. एकट्याच्या सखोल अभ्यासात तो शोभेचा.

कोडचे गठ्ठे बांधले म्हणजे आशयसूत्र तयार होत नाही. आशयसूत्रात काहीतरी विधान असावं लागतं: ‘गोळी घेणं म्हणजे आजारी असल्याची कबुली, म्हणून ती नजरेआड घेतली जाते.’ असं विधान सुचलं की लगेच त्याला खोटं ठरवणारे उतारे शोधायचे. सर्वांसमोर बिनदिक्कत गोळी घेणारा एखादा निघाला, तर त्याला वगळायचं नाही. तो तसं का करू शकतो हे तपासायचं.

मुलाखती किती पुरेशा? घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या ६० मुलाखतींवर ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. तेव्हापासून ‘१२ पुरे’ हा जणू नियमच झाला. पण त्या महिला बऱ्याच समान परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न ठरावीक होते. विविधता वाढली की हा आकडा चालत नाही.

एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए किंवा फुकट मिळणारं टॅगेट यांसारखी सॉफ्टवेअर तुकडे साठवतात आणि क्षणात शोधून देतात. अर्थ लावणं आपल्याकडेच राहतं. नवव्या मुलाखतीत एखाद्या कोडची व्याख्या बदलली, तर आधीच्या आठ मुलाखती त्या नव्या व्याख्येनं पुन्हा वाचाव्या लागतात. सॉफ्टवेअर याची आठवण करून देत नाही. म्हणून कोडबुकात प्रत्येक बदलासमोर तारीख घालावी आणि त्या तारखेआधी कोड दिलेल्या मुलाखतींवर खूण करून ठेवावी.