बोलणारा माणूसही गुदमरतो

बोलतोय म्हणजे श्वास चाललाय. हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. आवाज हवेमुळे निघतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. आवाज येतोय म्हणजे हवा आहे, हवा आहे म्हणजे माणूस ठीक आहे.

२९ डिसेंबर २०१५ रोजी सिडनीच्या लाँग बे तुरुंगातल्या रुग्णालयात डेव्हिड डंगे नावाचा २६ वर्षांचा ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींपैकी एक, तरुण याच तर्काखाली मेला. तो डंगट्टी समाजाचा होता. त्याला मधुमेह होता, स्किझोफ्रेनिया होता, आणि तो बिस्किटं खात होता. खाणं थांबव म्हटल्यावर थांबला नाही, म्हणून पहारेकऱ्यांचं पथक कोठडीत घुसलं. त्याला दुसऱ्या कोठडीत नेऊन पालथं दाबून धरलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. ‘मला श्वास घेता येत नाही’ असं तो पुन्हा पुन्हा, बारा वेळा म्हणाला. बोलता येतंय म्हणजे श्वास घेता येतोय, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. हे सगळं चित्रीकरणात आहे आणि २०१८ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ते दाखवलं गेलं.

आता त्या उत्तराकडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहू.

स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. ही सगळी हवा कामाची नसते. रक्तात ऑक्सिजन जातो तो फुफ्फुसांच्या टोकाला असलेल्या वायुकोशांत. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या हा नुसता रस्ता आहे, आणि त्या रस्त्यातच १५० मिलिलिटर हवा मावते. सकाळी नळ सोडला की आधी पाइपात रात्रभर साचलेलं पाणी येतं, तसं प्रत्येक श्वासाबरोबर आधी या रस्त्यातली वापरलेली हवाच वायुकोशांत परत जाते. ५०० मधले ३५० मिलिलिटर ताजे पोचतात. शरीरशास्त्रात या रस्त्याला मृत अवकाश म्हणतात.

बोलायला किती हवा लागते? एका अक्षराला सुमारे ५० मिलिलिटर. डंगेचं मूळ इंग्रजी वाक्य तीन अक्षरांचं, म्हणजे १५० मिलिलिटर. तेवढीच हवा आत-बाहेर करू शकणाऱ्या माणसाला ते वाक्य आरामात बोलता येईल आणि वायुकोशांपर्यंत ताज्या हवेचा थेंबही पोचणार नाही. शिवाय बोलणं उच्छ्वासावर चालतं. पूर्ण श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत लिटरभराहून जास्त हवा शिल्लक असते, आणि नेहमीचा श्वास सोडल्यावर तर त्याच्या दुप्पट. म्हणजे स्वरयंत्र हलवायला साठा असतोच. आवाज फक्त एवढंच सांगतो की हवा बाहेर येते आहे. आत किती जाते, हे तो सांगत नाही.

अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खटल्यात एप्रिल २०२१ मध्ये मार्टिन टोबिन या फुफ्फुसतज्ज्ञाने ज्यूरीला हेच समजावलं होतं. बोलता येणं म्हणजे त्या क्षणी श्वास चालू आहे हे खरं, पण त्यावर विसंबणं धोक्याचं, कारण पुढच्या क्षणाबद्दल ते काहीच सांगत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

आता पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन ठेवा. श्वास आत घेण्यासाठी शरीराकडे दोन सोयी आहेत: बरगड्या वर-बाहेर उचलणं, आणि श्वासपटल खाली ढकलणं. श्वासपटल खाली सरकलं की पोटातल्या अवयवांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. पालथं दाबल्यावर बरगड्या वरून अडतात आणि पोट खालून अडतं. श्वास उथळ होतो. उथळ श्वासाची भरपाई वेगाने करता येईल असं वाटतं, पण गणित मांडून पाहा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर: एकूण ६ लिटर, त्यातले ताजे ४.२ लिटर. मिनिटाला २४ श्वास, प्रत्येकी २५०: एकूण तेच ६ लिटर, पण ताजे फक्त २.४. रस्त्याचा कर प्रत्येक श्वासाला भरावा लागतो. धापा टाकणारा माणूस ‘चांगला जोरात श्वास घेतोय’ असं दिसतं आणि त्याचा पुरवठा निम्म्याच्या आसपास आलेला असतो.

पण ऑक्सिजन ही अर्धीच गोष्ट. मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटतं ते कार्बन डायऑक्साइडचं प्रकरण. पुढचे दोन परिच्छेद आकड्यांचे आहेत. रसायनशास्त्राचं वावडं असेल त्यांनी त्यावरून उडी मारली तरी चालेल.

रक्ताचा पीएच (हा आकडा जितका खाली, तितकं रक्त जास्त आम्ल) ७.४ च्या आसपास ठेवण्यात शरीर अतिशय काटेकोर असतं. हा आकडा ठरतो दोन गोष्टींच्या गुणोत्तरावर: वर बायकार्बोनेट, खाली कार्बन डायऑक्साइड. बायकार्बोनेट लिटरला २४ मिलिमोल आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याचे ४० मिलिमीटर असला की उत्तर ७.४ येतं. आता माणूस पाच मिनिटं जिवाच्या आकांताने झटापट करतो. स्नायू लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते आम्ल शोषून घेताना बायकार्बोनेट खर्ची पडतं. समजा ते निम्म्यावर, १२ वर आलं. कार्बन डायऑक्साइड ४० वरच राहिला तर पीएच ७.१ होतो. शरीर तसं होऊ देत नाही. मेंदूतलं श्वसनकेंद्र भाता जोरात चालवतं, कार्बन डायऑक्साइड फेकून २५ पर्यंत खाली आणतं, आणि पीएच ७.३ वर सावरतो. शंभर मीटर पळून आलेला खेळाडू गुडघ्यावर हात टेकून धापा टाकतो तो याचसाठी. त्याला ऑक्सिजन कमी पडलेला नसतो, आम्ल काढायचं असतं.

त्याच वेळी त्याच्या छातीवर भार टाकला तर? बायकार्बोनेट १२ आणि कार्बन डायऑक्साइड फेकला न गेल्याने ८०: पीएच ६.८. या पातळीला हृदयाच्या स्नायूचं आकुंचन क्षीण होतं आणि त्याची विद्युत लय बिघडते. ध्यानात घ्या, निवांत बसलेल्या माणसाचा श्वास जेवढा असतो तेवढा श्वास इथे चालू असेलही. पण झटापटीनंतर गरज कित्येक पटींनी वाढलेली असते. ‘श्वास चालू आहे’ हा निकषच इथे निकामी होतो.

शिवाय यात एक दुष्टचक्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू भयाची घंटा वाजवतो. हवेची भूक ही माणसाला होणाऱ्या सर्वांत असह्य संवेदनांपैकी एक आहे. तिच्यापुढे आज्ञाधारकपणा टिकत नाही. माणूस छाती उचलायला जागा मिळावी म्हणून अंग झटकतो. वरच्यांना तो प्रतिकार वाटतो. ते आणखी भार देतात. स्नायू आणखी आम्ल करतात. आणि तो शांत झाला की ‘आला ताळ्यावर’ असं वाटून वरचे निर्धास्त होतात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शास्त्रज्ञांत यावर वाद आहे. १९९० च्या दशकात सॅन दिएगोत निरोगी तरुणांना व्यायामानंतर हातपाय मागे बांधून पालथं ठेवलं. फुफ्फुसांची क्षमता घटली, पण ऑक्सिजन धोक्याइतका उतरला नाही. हा प्रयोग तेव्हापासून न्यायालयांत पोलिसांच्या बाजूने मांडला जातो. पण स्वयंसेवक निरोगी होते, घाबरलेले नव्हते, आणि ‘पुरे’ म्हटल्यावर सोडलं जाईल हे त्यांना ठाऊक होतं. मरणाच्या भीतीने झटापट करणाऱ्या आजारी माणसाचा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, करूही नये. त्यामुळे नेमकी ती परिस्थिती प्रयोगशाळेत कधीच येत नाही.

आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरही ती सापडत नाही. हृदयाची लय बिघडणं ही विजेची घटना आहे, ती मागे खूण ठेवत नाही. मृत्यूनंतर रक्ताचा पीएच आपोआपच घसरतो, म्हणून तो मोजून काही कळत नाही. उरतं काय, तर शरीरात सापडणारे दोष: मधुमेह, वजन, औषधं. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, डेरेक ली यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये डंगेच्या मृत्यूचं कारण हृदयाची अनियमित लय असं लिहिलं. पालथं दाबणं आणि त्यातून झालेली ऑक्सिजनची कमतरता हा हातभार लावणारा घटक धरला, पण मधुमेह, लठ्ठपणा, मानसिक आजारावरची औषधं आणि त्याची अस्वस्थता यांच्या पंगतीत. प्रशिक्षणातल्या उणिवा त्यांनी मांडल्या, सुधारणा सुचवल्या. (कोरोनर शिक्षा देत नाही, शिफारस करतो. मुंबईतही नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे पद होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल.) खटला कुणावरच चालला नाही. २०२१ मध्ये डंगेच्या कुटुंबाने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली.

खुणा न ठेवणाऱ्या मरणाला नाव द्यायची घाई झाली की छद्मविज्ञान आत शिरतं. १९८५ मध्ये मायामीच्या डॉक्टरांनी कोकेन घेणाऱ्यांच्या अचानक मृत्यूंना ‘उत्तेजित उन्माद’ असं नाव दिलं. पुढे ताब्यात मेलेल्या कितीतरी माणसांच्या कपाळी ते चिकटवलं गेलं: माणूस अफाट ताकदीने भडकला आणि आपसूक मेला, वर बसलेल्यांचा संबंध नाही. अंगात आलं होतं म्हणण्यात आणि यात फरक एवढाच की याला वैद्यकीय लेटरहेड होतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने या कल्पनेला दिलेला पाठिंबा काढून घ्यायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं.

या सगळ्यात ॲबोरिजिनल असण्याचा संबंध काय? फुफ्फुसं तर सगळ्यांची सारखीच. ऑस्ट्रेलियात १९८७ ते १९९१ या काळात बसलेल्या शाही आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशनने, ताब्यातल्या ९९ ॲबोरिजिनल मृत्यूंची छाननी केली आणि एक अनपेक्षित निष्कर्ष काढला: एकदा कोठडीत गेल्यावर ॲबोरिजिनल आणि इतर कैदी साधारण सारख्याच दराने मरतात. काहीजण हे वाक्य ‘बघा, भेदभाव नाही’ म्हणून वापरतात. पण हा दर काढताना छेदात कोठडीतली माणसं धरली आहेत. छेदात समाज धरा. देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासी सुमारे ३.८ टक्के, तुरुंगात जवळपास तिसरा हिस्सा. म्हणजे वाट्याच्या सुमारे नऊपट. विषमता दाराबाहेर घडून जाते आणि आतला दर निष्पाप दिसतो. आयोगाच्या ३३९ शिफारशींत अटक हा शेवटचा उपाय असावा असं होतं ते यासाठी. १९९१ नंतर ६०० हून अधिक मूलनिवासी माणसं ताब्यात मेली आहेत.

आणि आत गेल्यावर कुणाच्या लक्षणांवर विश्वास ठेवायचा, हेही दाराबाहेरच ठरून आलेलं असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलँडच्या पोलीस कोठडीत मिस धू ही २२ वर्षांची यामाजी तरुणी ३,६२२ डॉलरच्या थकलेल्या दंडापायी होती. मोडलेल्या बरगडीतून जंतुसंसर्ग रक्तात पसरत होता. जंतुदोषात श्वास वेगवान होतो (पुन्हा तेच आम्ल), माणूस तळमळतो, कण्हतो. तिला दोनदा रुग्णालयात नेऊन कोठडीस योग्य ठरवून परत आणलं. वागणुकीची अडचण अशी नोंद झाली. सोंग करतेय, असं पोलिसांना वाटलं. हे निदान पोलीस ठाण्यांत जगभर स्वस्त आहे. तिसऱ्या फेरीत तिचा मृत्यू झाला. कोरोनरने पोलिसांचं वागणं अमानुष ठरवलं. दंड थकला म्हणून सर्रास तुरुंगात टाकण्याचा तिथला कायदा २०२० मध्ये बदलला.

टान्या डे ५५ वर्षांच्या, योर्टा योर्टा समाजाच्या. डिसेंबर २०१७ मध्ये मेलबर्नच्या रेल्वेगाडीत झोपी गेल्या होत्या. दारू प्यायल्या म्हणून कॅसलमेनला उतरवून त्यांना कोठडीत ठेवलं. गाडीतल्या कंडक्टरच्या निर्णयात त्यांच्या ॲबोरिजिनल असण्याचा नकळत वाटा होता, असं कोरोनरने नंतर म्हटलं. कोठडीत त्या पडल्या, डोकं आपटलं आणि त्यातच पुढे त्यांचा मृत्यू झाला. मेंदूतला रक्तस्राव आणि दारूची धुंदी बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात: जड जीभ, तोल जाणं, झोप. फरक कळतो तो आत जाऊन, हाक मारून, जागं करून पाहिल्यावरच. तशी पुरेशी तपासणी झाली नाही. कोरोनरने प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवलं, त्यांनी २०२० मध्ये खटला न भरण्याचं ठरवलं. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत असणं हा गुन्हा राहू नये, असं रॉयल कमिशनने १९९१ मध्येच सांगितलं होतं. डे यांच्या मुलांनी त्यासाठी मोहीम चालवली आणि व्हिक्टोरिया राज्याने तो गुन्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये पुस्तकातून काढला.