थांबलेल्या होडीला सुकाणू नसतं

डिंगीला, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीला, ब्रेक नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ती थांबली की तिचं सुकाणूही निकामी होतं, हे मात्र दोन-चार शर्यती हरल्याशिवाय पटत नाही.

शिडाच्या छोट्या होड्यांची शर्यत पाण्यावरच्या एका काल्पनिक रेषेवरून सुटते. एका टोकाला पंचांची बोट, दुसऱ्या टोकाला बोया. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा चढतो, चार मिनिटं उरली की दुसरा. एक मिनिट उरलं की दुसरा उतरतो आणि शून्याला पहिलाही. तोवर सगळ्या होड्या रेषेमागे घुटमळत असतात, कारण आधीच पलीकडे गेलेल्याला मागे फिरावं लागतं. नवखा खलाशी मग रेषेला चिकटून, शीड फडफडतं ठेवून उभा राहतो आणि भोंगा वाजताच दोर खेचतो. होडी पुढे जात नाही, बाजूला घसरते.

याचं कारण पाण्याखाली आहे. सुकाणू आणि होडीच्या पोटातून खाली उतरवलेली फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, ही दोन्ही पाण्यातली पंखच. त्यांच्यावरून पाणी वाहिलं तरच त्यांना जोर मिळतो, आणि तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की जोर पाव होतो. चार नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अर्ध्या नॉटवर आलात, तर उरतो चौसष्टावा भाग. अशा वेळी शीड घट्ट ओढलं की वारा होडीला आडवा रेटतो आणि त्याला अडवणारी फळी जवळपास नसल्यासारखीच असते.

म्हणून जाणकार आधी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी वाऱ्यापासून वळवतात, शीड अर्धंच भरतात, वेग घेतात आणि मग वाऱ्याकडे चढतात. त्यासाठी वाऱ्याखालच्या बाजूला मोकळं पाणी लागतं. सुरुवातीची सगळी धक्काबुक्की खरं तर या दोन-तीन होड्यांएवढ्या फटीसाठी चालते. रेषेवरची जागा त्यापुढे दुय्यम, असं माझं मत.

अर्थात रेषा तिरकी असेल तर जागेलाही किंमत येते. १०० मीटरची रेषा वाऱ्याशी काटकोनात नसून १० अंशांनी कललेली असेल, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे १७ मीटर वाऱ्याकडे असतं. लेझर ही होडी ४.२३ मीटर लांब, म्हणजे शर्यत सुटण्याआधीच चार होड्यांची आघाडी. तपासणं सोपं आहे: रेषेच्या मध्यावर नाळ थेट वाऱ्यात धरायची, ती ज्या टोकाकडे जास्त झुकलेली दिसेल ते टोक पुढे. मधल्या भागात आणखी एक गंमत होते. रेषा नेमकी कुठे आहे ते तिथून कळत नाही, म्हणून सगळे भीतीपोटी मागे राहतात आणि रांगेला पोक येतो. ज्याने आधीच रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन दुसरं टोक आणि किनाऱ्यावरची एखादी इमारत एका ओळीत धरून ठेवलेली असते, तो निर्धास्त पुढे सरकतो.

मुंबईसारख्या भरती-ओहोटीच्या पाण्यात ही खूण दुप्पट कामाची. एका नॉटचा प्रवाह मिनिटाला तीस मीटर वाहून नेतो, आणि उभ्या होडीतल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. १९८२च्या आशियाई खेळांतल्या या शर्यती दिल्लीत नव्हे, मुंबईतच झाल्या होत्या; फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिथे फायरबॉल या होडीच्या वर्गात सुवर्ण जिंकलं.

वेग टिकवायचा हाच नियम वळणालाही लागू पडतो. सुकाणू झटक्याने वळवलं की पाण्याचा प्रवाह पात्यापासून सुटतो आणि सुकाणू ब्रेकचं काम करतं. वळवायचं ते अंगाने. होडी वाऱ्याखाली कलली की नाळ आपोआप वाऱ्याकडे फिरते. पाण्यात बुडालेला आकार एकीकडे फुगतो आणि शिडाचा रेटाही मध्यापासून बाहेर सरकतो. उलट कललं की ती वाऱ्यापासून दूर जाते. लेझरचा सांगाडा जेमतेम ५९ किलोचा, त्यावर बसणारा बहुधा त्याहून जड, म्हणजे होडीतलं सगळ्यात मोठं वजन हलतं आहे. विष्णु सरवणनने २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत याच होडीच्या वर्गात, आता आयएलसीए ७ म्हणतात त्यात, कांस्य मिळवलं.

वाऱ्यातून आरपार वळताना होडी आधी हलकेच वाऱ्याखाली कलू द्यायची, मग जोरात स्वतःवर ओढायची. शीड हवेतून झपकन फिरतं आणि स्वतःचाच वारा तयार करतं. पलीकडे गेल्यावर ती सपाट केली की तोच फायदा पुन्हा. नियमांना हे मान्य आहे, पण वळलेल्या होडीचा वेग न वळलेलीपेक्षा जास्त होता कामा नये. वारंवार शीड हलवून पंपासारखी होडी ढकलणं मात्र निषिद्धच.

सरावाला दोन बोया पुरतात. त्यांच्यामध्ये होडी मिनिटभर जागच्या जागी धरायची, मग सोडून पूर्ण वेगाला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तेवढे सेकंद आधी शर्यतीत दोर ओढायला लागायचं. हलक्या वाऱ्यात हा आकडा मोठा येतो, तेव्हा दुपारी वारा चढला की नव्याने मोजावा लागतो.