सोलापूरची पोरं कोडिंगसाठी पुण्याला का जातात: थोडी मागची गोष्ट

आयटी पार्कचा विषय निघाला की सोलापुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे विमानसेवा नव्हती म्हणून कंपन्या आल्या नाहीत, आणि दुसरं म्हणजे आपल्या पोरांत स्किलच नाही हो. पहिल्याचं काय ते झालं, विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली आणि २०२५ ला विमानंही उडायला लागली. दुसरं वाक्य मात्र मला कधीच पटलेलं नाही, आणि का ते सांगायचं तर जरा मागं जावं लागतं, थेट गिरण्यांपर्यंत.

‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी १८७७ ची. नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल अशी रांगच लागली. या गिरण्यांत माणूस तयार कसा व्हायचा तर काका-मामाच्या ओळखीनं बदली (म्हणजे रजेवरच्या कामगाराच्या जागी तात्पुरता) म्हणून आत शिरायचा, जुन्या कामगाराशेजारी उभं राहून तुटलेला धागा जोडायला शिकायचा आणि हात बसला की कायम व्हायचा. शहराच्या पूर्व भागात तर घरातच माग. बाया कांड्या भरतायत, बाप मागावर, पोरगं शाळेतून आलं की तिथंच लुडबुडतंय. फी नाही, सर्टिफिकेट नाही, आणि शिकण्याची जागा व कामाची जागा एकच. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ इथंच आहे.

आता सोलापुरी चादरीचं बघा, कारण तिच्यात अख्खं कॉम्प्युटर सायन्स दडलंय असं मी म्हटलं तर लोक हसतात. चादरीवरचं ते फूल किंवा मोर आधी ग्राफ पेपरवर काढतात, चौकोन चौकोन भरून. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं ओळीनं शिवून त्यांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्रावर, चढवायची. आडव्या धाग्याच्या एका फेऱ्याला एक कार्ड. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिच्या हुकाला बांधलेला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच. म्हणजे आहे किंवा नाही, बास, एवढ्या दोनच गोष्टींवर मोर तयार होतो. आणि एक भोक चुकलं तर तोच दोष दर चादरीत त्याच जागी येत राहणार, मग डिझायनर माळ उलगडून ते एक कार्ड शोधत बसणार (यालाच आज आयटीवाले डीबगिंग म्हणतात).

हे यंत्र जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमाराला आणलं, आणि भोकाच्या कार्डांचीच पद्धत पुढं होलेरिथ नावाच्या माणसानं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत आकडेमोडीला वापरली, त्याचीच कंपनी पुढं आयबीएममध्ये गेली. तर डोकं होतंच हो आपल्याकडं. कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगवाल्याला कुणी कागद, म्हणजे सर्टिफिकेट, दिला नाही, एवढंच.

कागद द्यायची पद्धत स्वातंत्र्यानंतर आली. १९५० पासून देशात आयटीआयची योजना, १९६१ ला अप्रेंटिस कायदा, मग सोलापुरातही आयटीआय, गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक वगैरे. खरी उडी १९८३ ची. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच साली आपलं वालचंद, म्हणजे डब्ल्यूआयटी, सुरू झालं. ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मलेले, पण त्यांनी विमानाचा कारखाना काढला बेंगळुरूला, जहाजांचा विशाखापट्टणमला आणि मोटारींचा मुंबईत. काम बाहेर जायची सवय तेव्हापासूनच असावी आपल्याला.

कॉलेजं आली खरी, पण नेमकं त्याच सुमाराला गावातलं काम संपायला लागलं, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ इथं आहे. जुनी मिल साठच्या दशकातच बंद पडली होती, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली. उलट पुण्यात तेव्हा सीडॅक ही कॉम्प्युटर संशोधनाची सरकारी संस्था १९८८ ला निघाली, १९९१ ला तिथं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला, सॉफ्टवेअर पार्क आले आणि मग हिंजवडी. म्हणजे अडीचशे किलोमीटरवर काम वाढतंय आणि इथं भोंगा बंद होतोय. गिरणी कामगाराच्या पोरानं बी.ई. केलं तरी त्यानं ती डिग्री घेऊन सोलापुरात करायचं काय, शेजारी उभं राहून शिकवणारा कुणी होता का?

मग आला एमएस-सीआयटी, कॉम्प्युटरची तोंडओळख करून देणारा कोर्स. २००१ ला तो चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं आणि बघता बघता गल्लोगल्ली सेंटरं. सरकारी नोकरीला हा कोर्स लागतो म्हटल्यावर काय, डी.एड.वाले, पोलीस भरतीवाले, लग्न ठरलेल्या मुली, सगळे तिथं. बाहेर चपलांचा ढीग, आत एका मशिनवर दोघं, आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत यूपीएस टीं टीं करायला लागला की सर ओरडणार, सेव्ह करा सेव्ह करा. लोक आता या कोर्सला हसतात पण मी नाही हसणार, कारण ज्या घरात इंग्रजी पेपर कधी आला नाही, जिथं आई-बापांशी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू आणि शाळेत मराठी अशी गंमत आहे, तिथल्या पोराचा हात माउसवर पहिल्यांदा याच कोर्सनं ठेवला. त्यातून प्रोग्रामर किती निघाले हा वेगळा विषय, पण भीती गेली.

प्रोग्रामर व्हायची वाट वेगळी होती, ती बीएस्सी ईसीएस, म्हणजे एंटायर कॉम्प्युटर सायन्स. शिवाजी विद्यापीठाच्या काळापासूनची ही डिग्री, २००४ ला सोलापूर विद्यापीठ वेगळं झालं तरी चालूच राहिली. इंजिनिअरिंगची फी न झेपणाऱ्यांनी ईसीएस करायचं, मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून जावा या प्रोग्रामिंग भाषेचा नाहीतर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावायचा आणि रेफरल, म्हणजे कंपनीतल्या कुणाची तरी शिफारस, शोधत फिरायचं. म्हणजे तीन वर्षं इथं शिकून वर परत क्लास, कारण खरं प्रोजेक्ट कधी बघितलेलंच नाही. याला स्किल नसणं म्हणायचं का?

सरकारी योजनांचं फार लांबवत नाही. २०१५ ला स्किल इंडिया, २०२२ ला राज्याचं कौशल्य विद्यापीठ, २०२४ ला कार्य प्रशिक्षण योजनेतून सहा महिने सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन. यातली शेवटची मला त्यातल्या त्यात बरी वाटते, निदान प्रत्यक्ष जागेवर काम देते. बाकी बरीचशी सर्टिफिकेटं फाइलला लावायला.

आणि जिल्ह्यात टॅलेंट नाही म्हणणाऱ्यांसाठी, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड चिकटवत होते, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या फायनलिस्टना वाटून टाकले.

कोरोनात थोडं चित्र हललं. पुण्याची पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली, जुळे सोलापूर भागात गच्चीवर बसून अमेरिकेच्या क्लायंटशी बोलायला लागली, म्हणजे काम इथं बसून होतं हे सगळ्यांना दिसलं. मग ऑफिसं उघडली आणि बरेच जण परत गेले. आता नव्या शैक्षणिक धोरणात डिग्रीतच ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, क्रेडिटसहित. कल्पना तीच आहे, कामाच्या जागी शिकायची, पूर्व भागात जी न सांगता चालायची. फक्त शंभर पोरांच्या वर्गाला गावात सॉफ्टवेअर कंपन्या किती मिळणार? म्हणून कुणी सीएच्या ऑफिसात टॅली करतंय, कुणी ओळखीच्या दुकानाची वेबसाइट, आणि काही जण सरळ ऑनलाइन पैसे भरून इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणतायत. आयटी पार्कची जागा कुठली यावर एवढी चर्चा चालते, त्यात पहिल्या दिवसापासून इथल्या कॉलेजांच्या पोरांना ट्रेनी म्हणून किती सीट देणार हेही कुणीतरी लिहून घ्यायला पाहिजे.