मोहाची गोष्ट वेगळी, फसवणुकीची गोष्ट वेगळी: ख्रिस्ती सस्पेन्स कादंबरी निवडण्याआधी

मोह आणि फसवणूक या विषयावरची एखादी चांगली ख्रिस्ती सस्पेन्स कादंबरी सांगा, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, मोहाची हवीय का फसवणुकीची? बहुतेकांना हे दोन्ही एकच वाटतं, सैतान येतो, गोड बोलतो, माणूस पडतो, त्यात वेगळं काय. पण बराच फरक आहे, आणि तो लक्षात न घेता पुस्तक उचललं की मग "छान आहे पण मला हवं होतं ते हे नाही" असं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोहात माणसाला ठाऊक असतं की हे चूक आहे. ठाऊक असतं आणि तरी हवं असतं, आणि त्या दोन गोष्टींच्या ओढाताणीतच सगळी कथा असते. फसवणुकीत त्याला वाटत असतं की आपण बरोबरच करतोय, कदाचित देवाचीच इच्छा पाळतोय. त्यामुळे वाचताना आपला जीव टांगणीला लागतो तोसुद्धा वेगवेगळ्या कारणाने. मोहाच्या गोष्टीत आपण विचारत राहतो, हा करणार का, की थांबणार? फसवणुकीच्या गोष्टीत विचारतो, हिला कधी कळणार, आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल का?

बायबलमध्ये या दोन्हीचे नमुने जवळजवळ शेजारी शेजारी आहेत, यहोशवाच्या पुस्तकात, सातव्या आणि नवव्या अध्यायात. सातव्यात आखान नावाचा इस्राएली. यरीहो शहर पडल्यावर लुटीतलं काही घ्यायचं नाही हा हुकूम त्याला पक्का माहीत होता. त्याला शिनारचा एक सुंदर झगा दिसतो, 200 शेकेल (शेकेल म्हणजे त्या काळचं वजनाचं माप) चांदी दिसते आणि 50 शेकेल वजनाची सोन्याची लगड दिसते, तो घेतो आणि तंबूत जमिनीत पुरून ठेवतो. त्याला कुणीही फसवलेलं नाही. नंतर आय शहरावरच्या चढाईत 36 माणसं मरतात आणि आज्ञा कुणी मोडली याचा शोध सुरू होतो, आधी वंश, मग कूळ, मग घराणं, मग एकेक पुरुष, असा फास आवळत आवळत त्याच्यापर्यंत येतो आणि हा माणूस शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. तो सीन मी कितीदा वाचला असेल, दर वेळी वाटतं आता तरी बोल रे. सस्पेन्स लिहिणाऱ्याने अभ्यासावा असा प्रसंग आहे तो.

आणि नवव्या अध्यायात गिबोनी लोक. जवळच राहणारे, आणि जवळच्यांशी करार करायची इस्राएलला मनाई, म्हणून फार लांबून आलोय असं दाखवायला जुनी गोणपाटं, फाटून शिवलेल्या द्राक्षारसाच्या बुधल्या, ठिगळं लावलेली पायताणं, बुरशी आलेल्या वाळक्या भाकरी असा सगळा सरंजाम घेऊन येतात. इस्राएलचे पुढारी त्या भाकरी तपासतात, पण परमेश्वराला विचारत नाहीत, आणि करार करून मोकळे होतात. 3 दिवसांनी कळतं की हे तर शेजारचेच. इथे कुणाच्या मनात लोभ नव्हता, कुणी आज्ञा मोडायला निघालेलं नव्हतं, उलट पुरावा बघून निर्णय घेतला होता बिचाऱ्यांनी, फक्त पुरावाच बनावट निघाला.

आता यातून कादंबरीच्या बांधणीत काय फरक पडतो ते बघा. मोहाच्या कादंबरीत लेखकाला आपल्याला त्या माणसाच्या डोक्यात बसवावंच लागतं, त्याची भूक आपल्याला लागली पाहिजे, नाहीतर तो पडला काय अन् उभा राहिला काय, आपल्याला काही वाटणार नाही. व्हिलन अगदी साधा असला तरी चालतो, कधी कधी नसला तरी चालतो, कारण याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हटलंय तसं माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. फसवणुकीच्या कादंबरीत मात्र व्हिलन हुशार लागतो, आणि लेखकाला सतत ठरवावं लागतं की वाचकाला किती सांगायचं. एकतर आपल्याला सगळं माहीत आणि बिचाऱ्या कॅरेक्टरला काहीच माहीत नाही, मग आपण आतल्या आत ओरडत राहतो, किंवा मग आपणही तिच्याबरोबर फसतो आणि शेवटच्या ट्विस्टला पायाखालची जमीन सरकते. दोन्ही प्रकार चांगले, पण दुसऱ्या प्रकारातलं पुस्तक परत वाचताना पहिली मजा येत नाही असा माझा अनुभव आहे, मोहाची गोष्ट मात्र शेवट माहीत असूनही परत वाचता येते.

शेवटाकडे नायकाकडून आपण काय मागतो तेही वेगळं. मोहात पडलेल्याने पश्चात्ताप केला पाहिजे, दावीद राजासारखं "मी पाप केलं" असं सरळ म्हटलं पाहिजे. फसलेल्याचे डोळे उघडले पाहिजेत. कमकुवत ख्रिस्ती थ्रिलरमध्ये नेमका इथे घोळ होतो, नायिका अडीचशे पानं फसवली जाते आणि शेवटी तिलाच गुडघ्यावर बसवून रडायला लावतात, किंवा उलट, नायक सगळं समजून उमजून करतो आणि शेवटी कळतं की त्याच्यावर कुणीतरी दुष्ट शक्ती टाकली होती, म्हणजे त्याची काही चूकच नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त खटकतो, कारण त्यात पापही खोटं होतं आणि क्षमाही खोटी होते.

दोन्ही एकाच माणसावर आलेले बघायचे असतील तर 1 राजे 13 वाचा, मला ती पूर्ण बायबलमधली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट वाटते. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा असते, इथे खायचं नाही, प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परत जायचं नाही. यराबाम राजा त्याला घरी बोलावतो, बक्षीस देतो म्हणतो. हा मोह. माणूस ताठ उभा राहतो, म्हणतो तुझं अर्धं घर दिलंस तरी येणार नाही. मग वाटेत एक म्हातारा संदेष्टा गाठतो आणि सांगतो की मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय तुला घरी घेऊन ये म्हणून. ते खोटं असतं. आणि राजाला न बधलेला माणूस इथे बधतो, जाऊन जेवतो, आणि परतताना वाटेत सिंह त्याला मारतो. त्याचं गाढव आणि सिंह दोघंही त्या प्रेताशेजारी उभे राहतात, सिंह ना प्रेत खातो ना गाढवाला हात लावतो. आज्ञा तीच, माणूस तोच, मोह परतवला आणि फसवणुकीत गेला. का? कारण मोह शत्रूच्या बाजूने आला होता आणि खोटं आपल्या माणसाच्या तोंडून आलं.

अर्थात दोन्ही एकमेकांत मिसळतातही. एदेन बागेत सर्प आधी शंका घालतो, मग खोटं सांगतो, आणि मग हव्वेला ते फळ खायला चांगलं आणि डोळ्यांना सुंदर दिसायला लागतं, म्हणजे फसवणुकीने मोहाचं दार उघडलं. पण 1 तीमथ्य 2:14 मध्ये पौल सरळ म्हणतो की आदाम फसवला गेला नव्हता. मग त्याने का खाल्लं? तिथे एक अख्खी कादंबरी लपलेली आहे असं मला नेहमी वाटतं. उलटा रस्ताही असतो, आधी हवंसं वाटतं आणि मग मन त्याला कारणं शोधून देतं, देवालाही हेच मान्य असेल असं पटवून देतं, यिर्मया 17:9 मध्ये हृदय सगळ्यांत कपटी म्हटलंय ते याच अर्थाने. चांगला सस्पेन्स लिहिणारा हे वळण नेमकं कुठे आलं ते दाखवतो.

आता पुस्तकं.

फसवणूकच हवी असेल, वेगवान हवी असेल, तर फ्रँक पेरेटीची 'धिस प्रेझेंट डार्कनेस', 1986 ची. अ‍ॅशटन नावाचं छोटं कॉलेज टाऊन, एक साधा पास्टर हँक बुश, एक पेपरचा एडिटर मार्शल होगन, आणि गाव हळूहळू कुणाच्या तरी ताब्यात जातंय याचा दोघांना वेगवेगळ्या बाजूने येत जाणारा अंदाज. वर देवदूत आणि दुरात्मे यांची लढाई चालू आहे ती आपल्याला दिसते, गावातल्यांना दिसत नाही, म्हणजे मघाशी म्हटलं तो पहिला प्रकार. मार्शलची मुलगी सँडी कॉलेजमधल्या एका प्रोफेसरबाईंच्या विचारांत ओढली जाते तो भाग मला सगळ्यात खरा वाटतो, कारण त्या मुलीला कुठेही वाटत नाही की आपण काही वाईट करतोय, तिला वाटतं आपल्याला शेवटी कुणीतरी समजून घेणारं भेटलं. एक मात्र आवर्जून सांगते, यातले पंखवाले, तलवारवाले दुरात्मे ही लेखकाची कल्पना आहे. नाव इफिस 6:12 वरून आलंय पण त्या वचनात एवढी वर्णनं नाहीत, कथा म्हणून वाचा, त्यावरून शिकवण बांधू नका.

मोह हवा असेल तर लोक लगेच सी. एस. लुईसचं 'द स्क्रूटेप लेटर्स' सांगतात. 1942 चं, 31 पत्रं, एक मुरलेला सैतानी अधिकारी आपल्या भाच्याला शिकवतो की माणसाला देवापासून लांब कसं न्यायचं, आणि मोठ्या पापांपेक्षा रोजच्या चिडचिडीचा, आळसाचा, दिखाव्याचा उपयोग कसा करायचा. अप्रतिम आहे, वाचाच, पण ती सस्पेन्स कादंबरी नाही. त्या माणसाचं पुढे काय होणार ही उत्सुकता आहे, पण ती मागे बारीक चालू असते. सस्पेन्स मागणाऱ्याला हे हातात देऊ नका, पंधराव्या पत्राला तो पुस्तक ठेवून देईल आणि चांगल्या पुस्तकाला कंटाळवाणं म्हणेल.

टेड डेकरचं 'थ्री', 2003 चं, एका ओळीत: सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शिकणाऱ्या केविनला फोन येतो, 3 मिनिटांत तुझं पाप कबूल कर नाहीतर गाडी उडेल. हे वाचकालाच चकवणारं आहे, त्यामुळे याच्याबद्दल आधी काहीही वाचू नका, मीही पुढे काही लिहीत नाही.

पण एकच पुस्तक सांग म्हणालात तर माझं उत्तर लुईसचंच 'पेरेलांड्रा', 1943 चं. शुक्र ग्रहावर घडतं म्हणून लोक त्याला सायन्स फिक्शनच्या कप्प्यात टाकतात आणि सस्पेन्स शोधणाऱ्यांच्या हाताला ते लागतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पाण्यावर तरंगणारी, लाटेबरोबर आकार बदलणारी बेटं आहेत, त्यावर एक हिरवी स्त्री आहे, त्या जगाची आई, जिला वाईट म्हणजे काय हेच माहीत नाही. तिला एकच मनाई आहे, स्थिर जमिनीवर रात्री राहायचं नाही. पृथ्वीवरून रॅन्सम नावाचा भाषातज्ज्ञ तिथे पाठवला जातो आणि त्याच्या मागोमाग वेस्टन नावाचा शास्त्रज्ञ येतो, ज्याच्या शरीरात लवकरच वेस्टन उरत नाही, दुसरंच काहीतरी बसतं.

आणि मग सुरू होतं बोलणं. दिवसेंदिवस फक्त बोलणं, आणि तरी छातीत धडधडतं. कारण या स्त्रीला मोहात पाडताच येत नाही, चूक माहीत असूनही हवीशी वाटणं हे तिच्या मनात अजून जन्मलेलंच नाही, त्यामुळे वेस्टनच्या शरीरात बसलेल्या सैतानाला आधी फसवणूक वापरावी लागते. तो सांगतो की ही मनाई मोडण्यासाठीच घातलीय, तू मोठी व्हावंस, स्वतःच्या पायावर उभी राहावंस हीच देवाची खरी इच्छा आहे. आज्ञाभंगालाच आज्ञापालनाचा वेश. मग तो तिला थोर, एकट्या, धाडसी स्त्रियांच्या गोष्टी सांगतो ज्यांनी दुसऱ्यांसाठी नियम मोडले. आणि मग एक दिवस तिच्या हातात आरसा देतो. त्या सीनमध्ये वारा बदलतो, कारण ती पहिल्यांदा स्वतःला बाहेरून बघते आणि पहिल्यांदा घाबरते. फसवणुकीतून मोह तयार होताना एवढ्या बारकाईने दाखवलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

दुसरा एक प्रसंग रात्रीचा. स्त्री झोपल्यावर त्या शरीरातलं ते जे काही आहे ते रॅन्समला नुसतं हाक मारत राहतं, रॅन्सम, रॅन्सम, आणि काय म्हणून विचारलं की म्हणतं, काही नाही. परत हाक, परत काही नाही. तासन् तास. दिवसभर एवढं हुशार बोलणारा हा जीव, त्याला बुद्धी फक्त हत्यार म्हणून लागते, काम नसलं की आत नुसता क्षुद्र त्रास देणारा पोरकटपणा. सैतानाला देखणा, खोल, दुःखी वगैरे दाखवणाऱ्या कितीतरी पुस्तकांवर हे एक पान भारी आहे.

वाचायला घेताना दोनतीन गोष्टी. सुरुवातीची 3-4 प्रकरणं नुसती वर्णनं वाटतील, तिथे सोडू नका, वेस्टन आल्यावर पुस्तक पकड घेतं. मालिकेतलं हे दुसरं पुस्तक आहे, पहिलं 1938 मध्ये आलं, पण ते न वाचताही हे कळतं, लागेल तेवढा संदर्भ आत आहे. बेडकांचा एक प्रसंग आहे जो कोवळ्या मनाच्या वाचकाला फार लागेल, त्यामुळे लहान मुलांना देऊ नका, थोड्या मोठ्या मुलांबरोबर वाचत असाल तर तेवढी पानं आधी स्वतः वाचून घ्या. आणि ग्रुपमध्ये वाचणार असाल तर आरशाच्या प्रकरणाशी थांबा, 1 राजे 13 काढा, म्हाताऱ्या संदेष्ट्याचं बोलणं आणि वेस्टनच्या तोंडून येणारं बोलणं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, आणि मगच पुढचं पान उलटा.