जॉन हॅन्सन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते का?

‘वॉशिंग्टनच्या आधी जॉन हॅन्सन हे कृष्णवर्णीय गृहस्थ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते,’ असा फोटोसह फिरणारा मजकूर साफ चुकीचा आहे. मेरीलँडचे हॅन्सन गोरे होते, स्वतः गुलाम बाळगणारे. आधी चार्ल्स काउंटीचे शेरीफ, मग प्रांताच्या विधिमंडळात. नोव्हेंबर १७८१ मध्ये ते काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेचे, अध्यक्ष झाले. म्हणजे काय, तर सभेचं कामकाज चालवायचं आणि ढीगभर पत्रांवर सह्या करायच्या. देशाचा कारभार त्यांच्या हाती नव्हताच. राष्ट्राध्यक्षपद आलं १७८९ मध्ये. शिवाय काँग्रेसच्या अध्यक्षपदातही हॅन्सन पहिले नव्हते: राज्यांना एकत्र बांधणारा राज्यसंघाचा करार १७८१ मध्येच लागू झाला, आणि त्यानंतर सॅम्युएल हंटिंग्टन आणि थॉमस मॅककीन हॅन्सनच्या आधी त्या खुर्चीत बसून गेले होते.

आणि फोटो? हॅन्सन १७८३ मध्ये वारले, छायाचित्रण जगापुढे आलं १८३९ मध्ये! फोटोतले जॉन हॅन्सन हे वेगळेच गृहस्थ, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाचे सिनेटर. या गोंधळात त्यांची स्वतःची ओळख पुसली जाते, याचं मला जास्त वाईट वाटतं.