अमेरिकेचे स्मारक डॉलर : घेण्याआधी आणि विकण्याआधी

लेक अमेरिकेहून सुट्टीला येते आणि येताना आईवडिलांसाठी एक मखमली डबी आणते. आत चांदीचा डॉलर, सोबत तिथल्या टांकसाळीचं प्रमाणपत्र. डबी काही वर्षं कपाटात दागिन्यांशेजारी राहते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अहो, याची किंमत तरी काढून आणा." अशा डब्या आमच्या पेढीत नेहमी येतात आणि सोबत येणारा प्रश्नही ठरलेला असतो : पुढे याचे किती येतील?

गल्ल्यावर उभ्याउभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. नाण्यांची खरेदी-विक्री हाच आमचा धंदा आहे, तरीही आधीच सांगून टाकतो : गेल्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक स्मारक डॉलरांनी, चांदीचा भाव बाजूला ठेवला, तर मालकाला नफा दिलेला नाही. थोड्यांनी दिला, तो का दिला हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी हातात काय आहे ते पाहा

पिवळाधमक डॉलर असेल तर तो सोन्याचा नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दर वेळी सांगावंच लागतं. आत तांबं आणि वर मँगनीज मिसळलेलं पितळ, वजन ८.१ ग्रॅम. २००० सालापासून यावर सॅकॅजवीया ही शोशोनी जमातीची तरुणी आहे, पाठीशी तान्हं बाळ बांधून खांद्यावरून आपल्याकडे वळून पाहणारी. आमच्या मते अमेरिकेच्या चलनी नाण्यांत इतकं जिवंत चित्र दुसरं नाही. २००७ पासून याच आकारात राष्ट्राध्यक्षांची मालिका निघाली, वर्षाला चार. लोकांनी ती वापरली नाहीत, तिजोऱ्यांत सुमारे १४० कोटी डॉलर नाणी पडून राहिली आणि २०११ च्या डिसेंबरात व्यवहारासाठी ती पाडणं थांबवावं लागलं. जे नाणं कोट्यवधींनी पडून आहे, त्याला जास्त पैसे कोण देणार? ही नाणी आमच्याकडे आली की आम्ही म्हणतो, नातवाला परत जाताना द्या. तिथे ती एका डॉलरला चालतात. इथले बहुतेक मनीचेंजर परदेशी नाणी घेतच नाहीत, फक्त नोटा घेतात.

तरी द्यायच्या आधी एकदा कड पाहा. राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरवर साल आणि टांकसाळीची खूण दर्शनी बाजूला नसते, ती कडेवर कोरलेली असते. नाणं दोन बोटांत धरून उजेडात हळूहळू फिरवलं की अक्षरं दिसतात. २००७ च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरची बरीच नाणी कडेवर काहीच न कोरता बाहेर पडली. अशा कोऱ्या कडेच्या नाण्याला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मिळतात. बातमी ताजी होती तेव्हा लोकांनी शेकडो डॉलर मोजले. जसजशी आणखी नाणी सापडत गेली तसतसा भाव उतरला. पहिल्या धांदलीत ज्यांनी घेतली ते अजून वर आलेले नाहीत.

मोठं, पांढरं, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या चेहऱ्याचं नाणं असेल, तर ते १९७१ ते १९७८ मधलं. बहुतेकांच्या मागे चंद्रावर उतरणारा गरुड असतो. हातात घेतल्यावर चांदीच वाटते, पण बहुतेक नाणी तांबं-निकेलची आहेत आणि कडेला तांबूस रेघ स्पष्ट दिसते. सॅन फ्रान्सिस्कोला ग्राहकांसाठी काढलेली काही नाणी ४० टक्के चांदीची होती. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, वजन करा : साधं २२.६८ ग्रॅम, चांदीचं २४.५९ ग्रॅम.

मागे गरुड असलेला 'सिल्व्हर ईगल' १९८६ पासून निघतो. त्यावर एक डॉलर लिहिलेलं असलं तरी ती ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीच आहे आणि सर्वसाधारण नग चांदीच्याच हिशेबाने विकला जातो.

खरे स्मारक डॉलर यांहून वेगळे. एखाद्या घटनेच्या किंवा संस्थेच्या नावाने अमेरिकेची संसद कायदा करते आणि तेवढ्यापुरतं नाणं निघतं. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या २५० व्या जयंतीच्या अर्ध्या डॉलरने ही प्रथा पुन्हा सुरू झाली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा पहिला चांदीचा डॉलर आला. हे डॉलर २६.७३ ग्रॅमचे, ९० टक्के चांदीचे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २४ ग्रॅम. अलीकडच्या काही वर्षांतले ९९.९ टक्के चांदीचे आहेत. तुमच्या डॉलरची तळकिंमत काढायला आमची गरज नाही. आजचा चांदीचा ग्रॅमचा भाव घ्या आणि चोवीसने गुणा (९९.९ टक्क्यांचा असेल तर २६.७ ने).

दोन डॉलरांची गोष्ट

आमच्याकडे सर्वांत जास्त येतो तो १९८६ चा स्वातंत्र्यदेवतेचा डॉलर. पुतळ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा काढलेला. त्याची प्रूफ नाणी, म्हणजे आरशासारख्या झळाळीची, ६४ लाखांहून जास्त विकली गेली. घेणाऱ्याने वीस-बावीस डॉलर मोजले होते आणि आतली चांदी तेव्हा पाच डॉलरचीही नव्हती. पुढची कित्येक वर्षं हे नाणं घेतल्या किमतीच्या खालीच फिरत राहिलं. आज त्याला जे पैसे मिळतात ते चांदीने दिलेले आहेत, नाण्याने नव्हे. तेव्हा तेवढ्याच पैशांत निव्वळ चांदी घेऊन ठेवली असती तर चौपट हाती आली असती.

आता १९९६ चा अटलांटा पॅरालिंपिकचा डॉलर घ्या. चाकाच्या खुर्चीतला खेळाडू दोन्ही हात उंचावून साऱ्या जगाला आनंद दाखवतोय. अटलांटा ऑलिंपिकसाठी दोन वर्षांत सोळा वेगवेगळी चित्रं निघाली आणि प्रत्येक चित्र प्रूफ आणि साध्या अशा दोन प्रकारांत. संग्राहक खर्चाने वैतागले. बत्तीस नाणी कोण आणि किती घेणार? पॅरालिंपिकच्या डॉलरची डेन्व्हर टांकसाळीची, प्रूफ नसलेली नाणी फक्त १४,४९७ खपली. तेव्हा ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, तोच पुढे मालिका पूर्ण करणाऱ्यांना शोधूनही मिळेना आणि भाव चढला. त्याच चित्राचं प्रूफ नाणं मात्र ८४ हजारांवर खपलं होतं, त्याची किंमत बरीच कमी. चित्र तेच, सालही तेच. फरक एका बारीक अक्षराचा : साध्यावर डेन्व्हरचा 'डी', प्रूफवर फिलाडेल्फियाचा 'पी'. घरी अटलांटाची डबी असेल तर भिंग घेऊन आधी ते अक्षर शोधा.

म्हणून 'कमी निघालं म्हणजे महाग' असा नियम करता येतो का? नाही. २००१ चा बायसनचा (तिथला गव्यासारखा प्राणी) डॉलर पाच लाख निघाला. त्यावर १९१३ च्या प्रसिद्ध पाच सेंटच्या नाण्यावरचं जेम्स फ्रेझर यांचं चित्र होतं : एका बाजूला आदिवासी पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. काही आठवड्यांत सगळा साठा संपला आणि पुढेही तो चांदीच्या किमतीच्या वरच राहिला. कारण ते चित्र लोकांच्या लहानपणीच्या खिशातलं होतं. उलट काही हजारच निघालेलं, पण कुणाला नकोसं नाणं तसंच पडून राहतं. नग किती आहेत याच्याइतकंच, वीस वर्षांनी ते हवंसं वाटणारी माणसं किती असतील, हेही महत्त्वाचं. पहिला आकडा टांकसाळ जाहीर करते. दुसरा कुणालाच कळत नाही, आम्हालाही नाही. जो विक्रेता तो छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडून घेऊ नका.

अमेरिकेच्या संसदेलाही अतिरेक कळला. १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक विषय, असा कायदा आहे. त्यामुळे नव्या नाण्यांची गर्दी कमी झाली, पण घेणाऱ्यांची संख्याही पूर्वीसारखी उरली नाही.

किमतीतलं दान

नवा डॉलर थेट टांकसाळीकडून घेतला की किमतीत साधारण दहा डॉलर अधिभार असतो. तो ज्या संस्थेसाठी नाणं निघालं तिला जातो. स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यांतून पुतळ्याच्या आणि शेजारच्या एलिस बेटाच्या डागडुजीसाठी आठ कोटी डॉलरवर रक्कम उभी राहिली. काम चांगलंच आहे. पण ते तुमचं दान आहे आणि विकताना कुणी ते परत देत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही दहा डॉलर मागे असता. शिवाय टपालखर्च वेगळा.

तरीही घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण आवडीने घ्या. २०१९ चा अपोलो ११ चा डॉलर आम्ही स्वतः मुलांसाठी सुचवतो. नाणं सपाट नाही, वाटीसारखं वाकलेलं आहे. खोलगट बाजूला चंद्राच्या धुळीतला बुटाचा ठसा, फुगीर बाजूला अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाची काच. तिच्यात झेंडा आणि चंद्रयान उमटलेलं दिसतं. चांद्रयान रात्री जागून पाहिलेल्या मुलाच्या हातात ते ठेवा आणि त्याला ठशावरून अंगठा फिरवू द्या (प्लास्टिकच्या झाकणावरूनच). पुढे किती येतील हा प्रश्न त्याला पडणार नाही.

सत्तरचा आकडा आणि रंगीत नाणी

काही नाणी बंद प्लास्टिकच्या पेटीत, वर ६९ किंवा ७० असा दर्जा लिहून येतात. ७० म्हणजे निर्दोष. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्थांचा दर्जा सर्वत्र मानला जातो. परंतु आजकालची नाणी टांकसाळीतूनच इतकी स्वच्छ निघतात की ७० काही दुर्मीळ नसतो. ६९ आणि ७० मधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, किमतीत मात्र दिसतो. सर्रास मिळणाऱ्या डॉलरसाठी फक्त त्या आकड्याचे दुप्पट पैसे देऊ नका.

टांकसाळीबाहेर कुणीतरी रंग चढवलेली किंवा सोन्याचा मुलामा दिलेली नाणी टीव्हीवर आणि मोबाईलवर विकली जातात. संग्राहकाच्या लेखी ती खराब केलेली नाणी. आम्ही ती चांदीच्या भावानेच घेतो. सिल्व्हर ईगलच्या नकलाही फिरतात. वजन, व्यास आणि लोहचुंबक या तीन साध्या कसोट्या घरीही करता येतात. चांदीचं नाणं चुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाही.

कृपया घासू नका

गेल्या दिवाळीआधी एक काकू लॉस एंजेलिसचा प्रूफ डॉलर घेऊन आल्या. डबीही जुनीच, व्यवस्थित. झाकण उघडलं आणि आम्ही गप्प बसलो. लक्ष्मीपूजनात ठेवायचा म्हणून त्यांनी तो बाकीच्या चांदीच्या भांड्यांबरोबर टूथपेस्टने घासला होता. आरशासारखी पाटी पूर्ण धुरकट झालेली, बारीक गोल-गोल ओरखडे. त्यांचा काहीच दोष नाही. निरांजन आणि ताम्हन आपण असंच लख्ख करतो. पण प्रूफ नाण्याची झळाळी ठशाची असते, ती एकदा गेली की कुणालाही परत आणता येत नाही.

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, चांदी उजळायचं औषध यांतलं काहीही लावू नका. नाणं काळवंडलं असेल तर तसंच राहू द्या. तो काळसर-निळसर थर काही संग्राहकांना आवडतोही. डबीतून काढावंच लागलं तर फक्त कडेला धरा, खाली मऊ कापड पसरून. मऊ, वासाच्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवू नका. त्यातून सुटणारा हिरवट चिकटा नाण्यावर बसतो आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो फार लवकर बसतो. औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या डबीशेजारी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

आमच्याकडे आणताना

डबी, प्रमाणपत्र, बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका, जे असेल ते सगळं आणा. वजन तुमच्यासमोर काट्यावर होईल आणि चांदीची किंमत व संग्राहकाची किंमत आम्ही वेगवेगळी लिहून देऊ. बहुतेक वेळा दोन्ही सारख्याच निघतात, तेव्हा तेही तसंच लिहिलेलं असेल. दुर्मीळ नग निघाला तर लगेच विकू नका असं आम्हीच सांगू. या नाण्यांना इथे गिऱ्हाईक थोडं आहे आणि तुमची मुलं तिकडेच असतील तर तिकडे जास्त मिळू शकतात.

आणि विकायचं नसेल, तर डबीत एक चिठ्ठी ठेवा : कुणी आणलं, कोणत्या साली, कितीला पडलं. पेन्सिलने लिहा आणि चिठ्ठी नाण्याला टेकू देऊ नका.