हुतात्मा पोलिसांचे स्मृतिमहामार्ग

कर्तव्य बजावताना मरण आलेल्या पोलिसाचे नाव महामार्गाच्या एखाद्या टप्प्याला, पुलाला किंवा इंटरचेंजला (दोन महामार्ग जोडणाऱ्या जागेला) अधिकृतपणे देण्याची प्रथा. ती मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत रुजली आहे. तेथील गस्ती पोलिसांचे बरेचसे काम रस्त्यावरच चालते. बेफाम गाडी अडवून कडेला घेणे, अपघाताच्या जागी वाहतूक वळवणे, बंद पडलेल्या वाहनापाशी थांबणे ही कामे करताना कधी बंदुकीच्या गोळीने, तर कधी मागून आलेल्या वाहनाच्या धडकेने त्यांच्यावर मृत्यू ओढवतो. त्यामुळे टप्पा निवडताना पुष्कळदा घटनास्थळाचा किंवा त्या पोलिसाच्या नेहमीच्या गस्तीच्या भागाचा विचार होतो. शहरातल्या चौकातील स्मारकाला हे बळ येत नाही. महामार्गावरचा फलक मात्र ‘इथे’ असे सांगत उभा असतो.

कॅलिफोर्नियातील न्यूहॉलचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. ५ एप्रिल १९७० रोजी मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या राज्याच्या महामार्ग गस्ती दलाच्या पोलिसांनी एका संशयित गाडीला थांबवले आणि पाच मिनिटांच्या आत चार पोलीस मारले गेले. चौघेही २३-२४ वर्षांचे होते आणि नोकरीला लागून त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती. या घटनेनंतर धोकादायक वाहन अडवण्याच्या पद्धती आणि शस्त्रप्रशिक्षण यांचा त्या राज्यात मुळापासून फेरविचार झाला. त्याचा परिणाम पुढे देशभरच्या पोलीस प्रशिक्षणावर दिसला. जवळून जाणाऱ्या इंटरस्टेट ५ या महामार्गाच्या एका टप्प्याला चौघांची नावे मिळाली ती मात्र २००८ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. तोवर त्यांची लहान मुले आपल्या वडिलांच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाली होती. नामकरणाला काळाची मर्यादा नसते, ही या प्रथेची मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल.

नाव दिले तरी महामार्गाचा क्रमांक बदलत नाही. नकाशे, अंतरे आणि बाहेर पडण्याच्या मार्गांचे क्रमांक पूर्वीचेच राहतात. फ्लोरिडाच्या कायद्यात हे स्पष्टच लिहिले आहे : विधिमंडळाने दिलेले नाव सन्मानार्थ असते आणि त्यामुळे टपालाचे पत्ते, रस्त्यांच्या पाट्या किंवा आपत्कालीन दूरध्वनी यंत्रणेतील नोंदी बदलण्याचे बंधन कोणावरही येत नाही.

कार्यपद्धती राज्यागणिक वेगळी आहे. काही ठिकाणी त्यासाठी रीतसर कायदा करतात. कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहे संयुक्त ठराव संमत करतात आणि त्यावर राज्यपालांची सही लागत नाही. ठरावात राज्याच्या वाहतूक खात्याला फलकांचा खर्च काढण्यास सांगितलेले असते. तेवढी रक्कम राज्याच्या तिजोरीबाहेरून, देणग्यांतून जमली की फलक उभे राहतात. टेक्ससमध्येही स्मृतिफलकांचा खर्च खासगी देणगीतूनच भागवावा लागतो. ही अट प्रथमदर्शनी कोरडी वाटते. पण तिच्यामुळे सहकारी आणि नागरिक यांना ठरावाला नुसता पाठिंबा देऊन थांबता येत नाही, फलक प्रत्यक्ष उभा करण्यात त्यांचाही हातभार लागतो.

ठरावाचा मसुदा मुद्दाम वाचण्यासारखा असतो. ‘ज्या अर्थी’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांतून त्या पोलिसाचा जन्म, शाळा, नोकरीतील वर्षे, मृत्यूचा प्रसंग, मागे राहिलेले आईवडील, जोडीदार, मुले, त्याचे छंद अशी सारी हकिगत क्रमाने येते. शेवटच्या परिच्छेदांत टप्प्याच्या दोन्ही टोकांची नेमकी नोंद केलेली असते. सरकारी कागदात एका सामान्य माणसाचे आयुष्य इतक्या तपशिलाने क्वचितच उतरते.

फलकावर यातले काहीच येत नाही, आणि त्यामागे नियम आहे. रस्त्यावरील फलक व खुणांसाठी अमेरिकेत जी संघीय नियमपुस्तिका वापरतात, तिच्या २००९ च्या आवृत्तीचा कल मुळात असा होता की अशी नावे धावत्या रस्त्यावर नकोतच. विश्रांतीस्थळासारख्या, गाडी थांबवण्याची सोय असलेल्या जागी स्मृतिचिन्ह लावावे. मुख्य रस्त्यावर लावायचेच असेल तर प्रत्येक दिशेला एकच स्वतंत्र फलक असावा, त्यावर नाव आणि अगदी साधे शब्द असावेत, चरित्र, चित्र किंवा बोधचिन्ह असू नये. दिशादर्शक फलकांवर तर हे नाव लिहायचेच नाही. ताशी १०५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २९ मीटर अंतर कापते. वाचता वाचता चालकाची नजर रस्त्यावरून हटली, तर कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या पोलिसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून हा काटेकोरपणा योग्यच आहे.

स्मरणाचे चिन्ह कोणते असावे, हा प्रश्न यूटामध्ये न्यायालयात गेला. तेथे पोलिसांच्या एका खासगी संघटनेने मृत पोलिसांसाठी रस्त्यांच्या कडेला १२ फूट उंचीचे पांढरे क्रूस उभारले होते. त्यांवर पोलिसाचे नाव आणि यूटा हायवे पेट्रोलचे बोधचिन्ह होते, आणि अनेक क्रूस सरकारी जमिनीवर होते. क्रूस ही मृत्यूची सर्वसामान्य खूण आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये ते मान्य केले नाही. पाहणाऱ्याला राज्य एका धर्माची पाठराखण करते असे वाटेल, असे न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. नावाच्या साध्या फलकावर हा आक्षेप येत नाही. मृत पोलीस कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, अक्षरे सर्वांसाठी सारखीच राहतात.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने या कामासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तेथे लांब टप्प्यापेक्षा महामार्गावरील पूल व तत्सम बांधकामे कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसांच्या नावे केली जातात. पुलाची जागा नेमकी असते आणि दुरूनच ओळखता येते, त्यामुळे कुटुंबीयांना आपल्या माणसाच्या नावापाशी पोहोचणे सोपे जाते.